बचावपटूच्या कारकिर्दीचे मोजमाप : राहुल भेके यांच्या फुटबॉल वाटचालीचे समीक्षण

प्रस्तावना

खो-खोच्या सामन्याचे मराठी वृत्त वाचताना एक वैशिष्ट्य लक्षात येते. कोणत्या खेळाडूने किती गडी बाद केले, याबरोबरच कोणत्या खेळाडूने किती मिनिटे संरक्षण केले, हेही त्यात नोंदविलेले असते. न सापडता काढलेला वेळ हे खो-खोत कर्तृत्व मानले जाते आणि ते मिनिटे-सेकंदांत छापले जाते. कबड्डीच्या वृत्तातही चढाईपटूच्या जोडीला कोपरारक्षकाचे व त्याच्या पकडींचे नाव येते. म्हणजेच संरक्षणाचे मूल्य जाणणारी परिभाषा मराठीत पूर्वीपासून आहे. फुटबॉलविषयीच्या मराठी लेखनात मात्र ही परिभाषा फारशी उतरलेली नाही. वि. वि. करमरकर यांच्यासारख्या संपादकाने मराठी दैनिकातील क्रीडापानास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, तरीही फुटबॉलचे वृत्त बहुधा गोल कोणी केला येथून सुरू होते आणि तेथेच संपते. ज्याच्यामुळे गोल झाला नाही, त्याचे नाव वृत्तात येण्याचे कारणच उरत नाही.

प्रस्तुत लेखात राहुल भेके या मुंबईच्या बचावपटूच्या कारकिर्दीचे समीक्षण केले आहे. ६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेल्या भेके यांनी आपल्या व्यावसायिक कारकिर्दीचा मोठा काळ उजव्या बगलेवरील फुल-बॅक म्हणून व पुढे मध्यवर्ती बचावपटू म्हणून घालविला आहे. त्यांची कारकीर्द गोल, कार्डे व चषक यांच्या आधारे वाचली तर तिचा एक अर्थ लागतो. संरक्षणाच्या काळाच्या आधारे वाचली तर दुसरा. यांपैकी दुसरा अर्थ अधिक न्याय्य आहे आणि त्यातूनच या प्रदेशातील फुटबॉलच्या रचनेतील एक गंभीर उणीव स्पष्ट होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

फुल-बॅक : स्थानाचा इतिहास

फुल-बॅक हे स्थान इंग्लंडमधील फुटबॉलने घडविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या रचनेत गोलरक्षकापुढे केवळ दोन बचावपटू असत. मैदानाच्या सर्वांत मागच्या रांगेतील म्हणून त्यांस फुल-बॅक म्हणत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल झाला. आक्रमक खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असण्याची पूर्वीची अट दोनवर आली आणि गोलांची संख्या वाढली. त्यावर उपाय म्हणून आर्सेनलचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या रचनेत मधल्या फळीतील एक खेळाडू मागे खेचला गेला व दोन्ही फुल-बॅक बगलांकडे सरकले. नाव जुनेच राहिले, जागा मात्र बदलली.

या स्थानाचे पुढील वळणही एका फुल-बॅकच्याच हातून घडले. १९५३ मध्ये वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला, तेव्हा उजव्या बगलेवर आल्फ रॅम्सी होते. तो त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. तेच रॅम्सी पुढे इंग्लंडचे प्रशिक्षक झाले आणि १९६६ चा विश्वचषक त्यांनी पारंपरिक विंगर न खेळविता जिंकला. बगलेवर वर चढून जाण्याची जबाबदारी त्यामुळे जॉर्ज कोहेन व रे विल्सन या दोन फुल-बॅककडे आली. यांपैकी कोहेन यांची कारकीर्द प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाची आहे. १९५६ ते १९६९ या काळात ते केवळ फुलहॅम या एकाच संघाकडून खेळले. त्यांच्या नावावर संघाचे ४५९ सामने व देशाचे ३७ सामने आहेत. विश्वविजेत्या फुल-बॅकचे मोजमाप आजही या दोन आकड्यांनीच होते. ते शक्य झाले, कारण १८७९ मध्ये स्थापन झालेला त्यांचा संघ त्यांच्या आधीही होता व नंतरही राहिला. खेळाडूचे सातत्य हे संस्थेच्या सातत्यावर उभे असते, हा मुद्दा येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

संघांची अस्थिरता

भेके यांच्या कारकिर्दीकडे वळताच नेमका याच्या उलट अनुभव येतो. आय-लीगमधील मुंबई एफसी हा त्यांच्या जडणघडणीतील महत्त्वाचा संघ. खालिद जमील त्या संघाचे प्रशिक्षक होते; तेच पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २००७ मध्ये स्थापन झालेला हा संघ २०१६-१७ च्या हंगामात तळाला राहिला, पदावनत झाला व नंतर बंद पडला. भेके त्याआधीच, २०१४ मध्ये, कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले होते. तेथे असतानाच इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या हंगामात ते केरळ ब्लास्टर्सकडून व २०१६ च्या हंगामात एफसी पुणे सिटीकडून खेळले. २०१७ मध्ये बंगळुरू एफसी, २०२१ मध्ये मुंबई सिटी आणि २०२४ मध्ये पुन्हा बंगळुरू, असा पुढील क्रम आहे.

यांतील पुण्याचा मुक्काम या परिसरातील वाचकांस विशेष जवळचा आहे. देहूरोडहून कात्रजकडे जाणारा बाह्यवळण महामार्ग रावेत, ताथवडे, वाकड ओलांडून ज्या बालेवाडीजवळून जातो, तेथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे एफसी पुणे सिटीचे घरचे मैदान होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी हे संकुल उभारले गेले व २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही येथे झाल्या. देहू, पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील विद्यार्थ्यास व्यावसायिक फुटबॉल प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर सर्वांत जवळचे मैदान हेच.

मात्र या मैदानाचा संघ टिकला नाही. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. २०१४-१५ नंतर तो या स्पर्धेत दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये केवळ २०१४-१५ चा एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सचा आय-लीगमधील प्रवास २०१५-१६ व २०१६-१७ या दोन हंगामांत आटोपला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. सुमारे पाच वर्षांत एका शहराने चार संघ गमावले. मुंबईतही, २००५-०६ ची राष्ट्रीय साखळी जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. त्याच वर्षी त्या समूहाचा चाकण येथील वाहननिर्मिती प्रकल्प सुरू झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि उद्योगाची मुळे जेथे खोलवर रुजली, तेथे खेळाची संस्था मात्र रुजली नाही, हे वास्तव त्यातून ठळक होते.

भेके यांच्या वाटचालीत याचे पडसाद दिसतात. २०१७-१८ च्या हंगामात एफसी पुणे सिटी उपांत्य फेरीत पोहोचला, तेव्हा भेके प्रतिस्पर्धी बंगळुरूच्या बचावफळीतील खेळाडू होते. बालेवाडीतील पहिला सामना गोलशून्य राहिला व दुसरा बंगळुरूने ३-१ असा जिंकला. पुढे २०२३-२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमधील मुंबई सिटीचे घरचे सामने बालेवाडीत झाले. त्या हंगामात भेके मुंबई सिटीचे कर्णधार होते. पुण्याच्या मैदानावर आशियातील अव्वल दर्जाचा फुटबॉल आला, परंतु तो दुसऱ्या शहराच्या संघामुळे.

दोहा : दोन सामने

भेके यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा आरंभ जून २०१९ मध्ये थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत झाला. तेव्हा त्यांचे वय २८ होते. हा विलंब उल्लेखनीय आहे, कारण या वयात अनेक आघाडीपटू आपल्या कारकिर्दीच्या शिखरावर असतात. त्यानंतर तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ रोजी, दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्या वर्षीचा आशियाई विजेता होता आणि सुनील छेत्री आजारपणामुळे संघात नव्हते. बचावफळीत उजवीकडे भेके, डावीकडे गोव्याचे मंदार राव देसाई, मध्ये संदेश झिंगन व आदिल खान अशी रचना होती. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. कौतुकाचा मोठा वाटा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांच्याकडे गेला आणि तो योग्यच होता. परंतु नव्वद मिनिटे शून्यावर राहिलेला सामना एकट्या गोलरक्षकाचा असू शकत नाही. बगलेवरून येणारा चेंडू अडविणे, प्रतिस्पर्ध्यास आतल्या बाजूस वळू न देणे, सहकारी वर गेल्यास स्वतः मागे थांबणे, ही कामे ज्या प्रमाणात नीट होतात त्या प्रमाणात ती दिसत नाहीत. वाहनउद्योगाच्या या पट्ट्यात त्याचे स्पष्टीकरण देण्याची फारशी गरज नाही. तपासणी विभागाने जो दोष वेळीच पकडला, तो ग्राहकाला कधीच कळत नाही.

याच शहरात, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, ३ जून २०२१ रोजी पात्रता फेरीचा परतीचा सामना झाला. सतराव्या मिनिटास दुसरे पिवळे कार्ड मिळून भेके बाहेर गेले आणि उर्वरित सामना भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. निकाल ०-१ असा लागला. या घटनेचे समर्थन करता येणार नाही. पहिले कार्ड मिळाल्यावर प्रतिस्पर्ध्यापासूनचे अंतर व हालचालींतील सावधगिरी बदलणे हे बचावपटूचे प्राथमिक कर्तव्य असते आणि तेथे ते पार पडले नाही. आक्षेप आहे तो स्मरणाच्या पद्धतीला. दोन सामन्यांपैकी दुसरा भेके यांच्या नावाने लक्षात राहतो. पहिल्यातील नव्वद मिनिटांचे श्रेय मात्र त्यांच्या नावे जमा होत नाही. बचावपटूच्या खात्यात खर्च नोंदविला जातो, जमा नोंदविली जात नाही. अशा खात्यावरून केलेला निष्कर्ष सदोषच ठरणार.

गोल करणारा बचावपटू

भेके यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते १७ मार्च २०१९ च्या गोलमुळे. मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, अतिरिक्त वेळेच्या ११७ व्या मिनिटास, कॉर्नरवरून आलेला चेंडू त्यांनी डोक्याने गोलमध्ये धाडला व बंगळुरूने एफसी गोवाचा १-० असा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळविले. तत्पूर्वी एप्रिल २०१८ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध बरोबरीचा गोलही त्यांचाच होता. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध त्यांनी केलेल्या गोलमुळे मुंबई सिटीने २-१ असा विजय मिळविला. आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय संघाचा तो पहिला विजय होय. देशासाठीचा त्यांचा पहिला गोल १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध झाला; तोही कॉर्नरवरून व डोक्यानेच.

हे गोल आघाडीपटूच्या गोलांहून वेगळे आहेत. त्यांत चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांना चकविणे नाही. चेंडू कोठे पडेल याचा अंदाज व तेथे आधी पोहोचणे आहे. स्वतःच्या गोलसमोर चेंडू बाहेर काढताना जे कौशल्य लागते, तेच येथे दुसऱ्या टोकास वापरलेले दिसते. बंगळुरूकडून खेळताना त्यांनी घेतलेले लांब थ्रो-इन हेही याच स्वरूपाचे साधन होते. म्हणून हे गोल बचावपटूच्या मूळ कामाचाच विस्तार होत; त्यांना अपवाद मानणे योग्य नव्हे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. बगलेवरून सतत वर चढून क्रॉस पुरविणारा आधुनिक फुल-बॅक अशी भेके यांची ओळख नाही. मध्यवर्ती जागेवर त्यांचे झालेले स्थलांतर हे त्याचेच द्योतक मानावे लागेल. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात झिंगन यांच्या जोडीस ते मध्यवर्ती बचावपटू म्हणून खेळले. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारताने गमावले, सहा गोल स्वीकारले आणि एकही केला नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात मुंबई सिटीनेही सहाही सामने गमावले. मात्र त्याच हंगामाअखेर, ४ मे २०२४ रोजी, भेके यांच्या नेतृत्वाखाली मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. देशांतर्गत पातळीवरील स्थैर्य व आशियाई पातळीवरील अपुरेपणा ही दोन्ही टोके एकाच वर्षात दिसतात. ती एका खेळाडूची नसून त्याला घडविणाऱ्या व्यवस्थेची आहेत. ज्या बचावपटूला अठ्ठाविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात संधी मिळते, त्याला वरच्या पातळीवर शिकण्यासाठी उरणारी वर्षे थोडी असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भेके यांच्या कारकिर्दीतील सर्वांत प्रातिनिधिक सामना २०१९ च्या अंतिम फेरीचा नसून त्याच वर्षीचा दोहा येथील गोलशून्य सामना होय. दुसरी, त्यांची खरी कमाई म्हणजे कर्तृत्वाचा दीर्घ काळ. चौतिशी गाठलेली असताना, मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे मालदीवविरुद्ध ३-० असा जिंकलेल्या सामन्यात भारताचा पहिला गोल त्यांनी केला. तिसरी, कोहेन यांना फुलहॅममध्ये मिळालेले संस्थात्मक स्थैर्य भेके यांना त्यांच्या राज्यात सुरुवातीस मिळाले नाही. ते ज्या दोन संघांतून महाराष्ट्रात प्रथम नावारूपास आले, त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. ते टिकले ते कोलकाता व बंगळुरू येथे जाऊन.

येथे प्रश्न केवळ एका खेळाडूच्या मूल्यमापनाचा राहत नाही. आघाडीपटू एखाद्या स्पर्धेतील काही गोलांवर निवडकर्त्यांच्या नजरेत भरू शकतो. बचावपटूचे गुण हंगामामागून हंगाम एकाच फळीत खेळताना दिसतात. त्यासाठी टिकणारा संघ लागतो. २०१९ नंतर पुण्याच्या नावाचा संघ देशाच्या सर्वोच्च साखळीत उतरलेला नाही. याची झळ या पट्ट्यातील बचावपटू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास सर्वाधिक बसते.

व्यावसायिक संघ उभारणे महाविद्यालयांच्या हाती नाही. नोंद ठेवणे मात्र आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या अहवालात गोल करणाऱ्यांची नावे येतात. त्याच अहवालात बचावपटूने खेळलेली मिनिटे व त्या काळात संघाने स्वीकारलेले गोल नोंदविले, तर निवडीच्या वेळी त्याच्या बाजूने मांडण्यास काही आधार उपलब्ध होईल. १९१४ च्या सुमारास पुण्यात ज्या खेळाचे नियम आखले गेले, त्या खो-खोने संरक्षणाची मिनिटे मोजण्याची पद्धत रुजविली आहे. ती फुटबॉलसाठी वापरण्यास कोणत्याही नव्या साधनाची आवश्यकता नाही.