मराठीची सामान्यरूपे आणि आंतरजालावरील शोधयंत्रे : एक चिकित्सा

शोधयंत्र आंतरजालावरील पाने आधीच वाचून शब्दसूची तयार ठेवते आणि विचारणा आल्यावर ती सूची चाळते. प्रामुख्याने इंग्रजीच्या आधारे विकसित झालेल्या या पद्धतीपुढे मराठी भाषा एक मूलभूत अडचण उभी करते. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी मूळ शब्दच बदलतो. ‘कापूस’चे ‘कापसाला’ होते, ‘विहीर’चे ‘विहिरीत’. विदर्भातील कापसाच्या अर्थकारणावर लिहिलेल्या प्रबंधात ‘कापूस’ हे रूप क्वचितच आढळेल. मग केवळ अक्षरे जुळविणाऱ्या यंत्राला तो प्रबंध सापडावा कसा?

प्रत्यय छाटून मूळ शब्द गाठावा, हा उपाय सहज सुचतो. परंतु तो अपुरा आहे. ‘वाड्यांत’ हे रूप ‘वाडा’ व ‘वाडी’ या दोहोंचेही होते. निर्णय संदर्भावरूनच घ्यावा लागतो. गूगलने २०१९ मध्ये शोधासाठी ‘बर्ट’ हे संदर्भ जाणणारे भाषा-प्रारूप वापरण्यास आरंभ केला, ही दिशा योग्यच होय. तथापि महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या तालिकांमधील साध्या शोधसोयींकडून एवढी अपेक्षा करता येत नाही.

लेखनभेदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीचे ‘नांव’ आजच्या ‘नाव’शी जोडले नाही तर जुने वाङ्मय अभ्यासकाच्या दृष्टीआड राहते, आणि सरसकट जोडले तर होडीही त्यात मिसळते. (जुन्या लेखनात हा भेद अनुस्वारच सांभाळीत असे!) ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र भिन्न. त्यांपैकी एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह असते. ते निरर्थक समजून यंत्राने गाळले, तर डोंगरातील दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र, होतो.

म्हणून शोधयंत्राने पर्यायी रूपे अवश्य शोधावीत, मात्र वापरकर्त्याच्या शब्दात कोणता बदल केला हे त्याला सांगावे आणि तो बदल नाकारण्याची सोयही द्यावी. अभ्यासकाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते, कारण शोधात काही न आढळणे म्हणजे त्या विषयावर लेखनच न होणे, असा निष्कर्ष संदर्भसाहित्याच्या आढाव्यात फार सहज काढला जातो.

सर्व दोष यंत्राच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी नियतकालिके श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत सिद्ध होत राहिली. अशा धारिकांत पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र निराळ्याच संकेतांची रास असते. या टंकांचे ठरावीक संकेत ओळखून शोधयंत्र रूपांतर करू शकेल. परंतु मूळ धारिका आणि मुद्रितप्रत दोन्ही ज्यांच्या कपाटात आहेत, त्या संपादक मंडळांना हेच काम अधिक बिनचूक करता येईल.