सूत्र आणि उपपत्ती

पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारतीकृष्णतीर्थ स्वामी यांचा ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ हा इंग्रजी ग्रंथ १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर ५ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. १६ सूत्रे आणि काही उपसूत्रे यांच्या आधारे गणितातील नानाविध युक्ती त्यात सांगितल्या आहेत. आज संस्कारवर्गांतून मुलांना जे ‘वैदिक गणित’ शिकविले जाते, त्याचे मूळ या एका ग्रंथात आहे. मुलाने क्षणार्धात उत्तर सांगितले की पालकांना धन्य वाटते, आणि ‘वैदिक’ या शब्दामुळे त्या उत्तराला पावित्र्यही लाभते. अशा ग्रंथाचे परीक्षण करताना आदर सोडण्याचे कारण नाही. परंतु आदर हा परीक्षणाचा पर्यायही नव्हे.

प्रथम नावाचा वाद निकालात काढू. ही सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातील म्हणून सांगितली जातात. तथापि आजवर ज्ञात असलेल्या परिशिष्टांत ती आढळत नाहीत, हे ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच मान्य केले असून, प्रस्तुत ग्रंथच एक नवे परिशिष्ट मानावा, अशी तोड त्यांनी सुचविली आहे. प्राचीनत्वाचा दावा पुराव्याअभावी टिकत नाही, एवढेच यावरून ठरते. मिळकत खोटी आहे असे त्यातून निष्पन्न होत नाही. तेव्हा मिळकतीचीच पाहणी करणे युक्त होय.

खरा प्रश्न असा की, या सूत्रांनी मुलाची संख्यांतील आकृतिबंध पाहण्याची दृष्टी तयार होते काय? पहिलेच ‘एकाधिक’ सूत्र घ्या. ज्या संख्येच्या शेवटी ५ आहेत तिचा वर्ग करताना अलीकडचा अंक त्याच्याहून एकाने मोठ्या अंकाने गुणावा आणि पुढे २५ लिहावे. ३५ चा वर्ग १२२५, ६५ चा ४२२५. आकृतिबंध सुंदर आहे यात संशय नाही. पण मुलाने येथे पाहिले काय? त्याने आज्ञा ऐकली आणि पाळली.

आता हीच गोष्ट चिंचोक्यांनी करून पाहावी. १५ ओळींत १५-१५ चिंचोके मांडा. वरच्या १० ओळी तशाच राहू द्या. खालच्या ५ ओळींतील डावीकडचे १०-१० चिंचोके उचला आणि ती पट्टी उभी करून वरच्या १० ओळींच्या शेजारी लावा. आता १० ओळींत २०-२० चिंचोके झाले आणि कोपऱ्यात ५ गुणिले ५ एवढेच उरले. दोनशे आणि पंचवीस! ‘एकाने अधिक’ कोठून आले, हे मुलाच्या हातांनीच त्याला सांगितले. ज्याला हे कळले तो पुढे आपण होऊन विचारील की, ६२ आणि ६८ यांनाही हाच न्याय लागू होईल काय? होतो, ६ साती ४२ आणि २ आठे १६, म्हणजे ४२१६. मग ६२ आणि ६७? येथे तो नियम ४२१४ सांगतो, खरे उत्तर ४१५४ आहे. शेवटच्या अंकांची बेरीज १० असली पाहिजे, ही नियमाची हद्द त्याला स्वतःच सापडते. नियमाची हद्द ओळखणे हे नियम ओळखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. कायद्याच्या अभ्यासात तर विद्यार्थ्याची निम्मी शक्ती यातच खर्ची पडते.

‘निखिलम्’ सूत्राचीही हीच कथा. ९७ गुणिले ९६: शंभराला उणे ३ आणि ४, ९७ मधून ४ गेले ९३, तीन चोक १२, उत्तर ९३१२. आता त्याच मुलाला ८८ गुणिले ८७ विचारा. उणे १२ आणि १३. ८८ मधून १३ गेले ७५, आणि १२ गुणिले १३ म्हणजे १५६. कारण न समजता पाठ केलेला मुलगा निःशंकपणे ७५१५६ लिहितो. ७५ म्हणजे ७५ शेकडे हे ज्याला ठाऊक आहे तो ७५०० मध्ये १५६ मिळवून ७६५६ वर येतो. स्वामींनी या रीतीचे बीजगणिती स्पष्टीकरण ग्रंथात दिले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दोष अधिक आहे तो त्यावरून निघालेल्या छोट्या पुस्तिकांचा. त्यांनी चमत्कार ठेवला आणि स्पष्टीकरण गाळले.

परंपरेचाच अभिमान असेल तर आपली परंपरा याहून समृद्ध आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडविले: १२ चे ८ आणि ४ करून, ३ आणि ४ यांनी क्रमाने गुणून, वीसपट करून त्यातून आठपट वजा करून. उत्तर प्रत्येक वेळी १६२०. संख्या फोडता येते आणि पुन्हा जुळविता येते, हे यातून मुलाला दिसते. पुढे आपल्याच कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही लीलावतीवरील टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. आचार्यांचे वचन प्रमाण मानणाऱ्या त्या विद्वानालाही वचनाची उपपत्ती सांगणे हा अनादर वाटला नाही.

उपपत्ती कशासाठी, याचे उत्तर एका वर्तुळात आहे. परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्वांशी सरळ रेषेने जोडावा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजावे. एका बिंदूला १, दोहोंना २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ असे कोणीही छातीठोकपणे सांगेल. प्रत्यक्षात ३१ च पडतात. पाच साक्षीदार एकमुखाने बोलले म्हणून सहाव्याची उलटतपासणी टाळता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, देवस्थानांच्या समित्यांनी हे वर्ग अवश्य चालवावे. मात्र प्रत्येक सूत्रापाठोपाठ ‘असे का?’ आणि ‘कोठवर?’ हे दोन प्रश्न मुलाने विचारलेच पाहिजेत, आणि शिक्षकाला त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत. ज्या सूत्राचे उत्तर शिक्षकापाशी नसेल ते त्याने, स्वतःला उमगेपर्यंत, फळ्यावर लिहू नये.