सुप्त वायुविषबाधेचे निदान : एका पाहणीची समीक्षा

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे सूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तातडीच्या उपचार विभागात आलेल्या हजारो रुग्णांच्या बोटास, त्यांची मूळ तक्रार काहीही असो, रक्तातील कार्बन मोनॉक्साइड दर्शविणारे उपकरण लावण्यात आले. तेव्हा ज्यांच्याविषयी कोणासही संशय नव्हता अशा अकरा जणांत विषबाधा आढळली. या पाहणीचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिच्यातून काढावयाचा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे.

पहिला प्रश्न साधनाचा. टूगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच जातीचे उपकरण १२० रुग्णांवर रक्तपरीक्षेशी ताडून पाहिले. ज्यांच्या रक्तात विषयुक्त हिमोग्लोबिनचे प्रमाण १५ टक्के वा अधिक होते अशा २३ जणांपैकी उपकरणाने ११ ओळखले, १२ सोडले. उलट निर्दोष ९७ जणांपैकी ९६ जणांना त्याने योग्यच ठरविले. म्हणजे उपकरणाने 'आहे' म्हटल्यास लक्ष द्यावे. 'नाही' म्हटल्यास निश्चिंत होऊ नये. या न्यायाने पहिल्या पाहणीतील अकरा हा आकडा किमान मर्यादा ठरतो.

दुसरा प्रश्न स्थळाचा. जुन्नर तालुक्यातील ओतूरसारख्या गावी हे उपकरण असेलच असे गृहीत धरता येत नाही. असते ते साधे प्राणवायुमापक. परंतु कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले व प्राणवायूने व्यापलेले हिमोग्लोबिन यांत त्यास भेद करता येत नसल्याने ते समाधानकारक आकडा दाखवीत राहते. थंडीत दारे लावून पेटविलेली कोळशाची शेगडी, कोंदट न्हाणीघरातील गॅसचा गिझर, विहिरीत उतरविलेले तेलाचे इंजिन ही येथील विषाची संभाव्य उगमस्थाने होत. डोकेदुखी, ओकारी व भोवळ यांवरून मात्र पित्ताचे निदान होते, आणि न्हाणीघरात कोसळलेल्यास फेफरे आले असे मानले जाते.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तोच माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. साध्या हवेत रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे एक ते दीड तास पुरतो. ओतुराहून प्राणवायू लावून पुण्यास नेलेल्या रुग्णाचे रक्त तेथे प्रथम तपासले, तर प्रमाण अल्प दिसेल आणि निदान खोटे ठरविले जाईल. उपचाराने पुरावाच पुसला जातो. म्हणून प्राणवायू क्षणभरही न लांबविता त्याच वेळी शिरेतील रक्त गोठणरोधक नळीत घेऊन, तिच्यावर वेळ नोंदवून ती रुग्णासोबत पाठविणे श्रेयस्कर. घट्ट बंद करून थंड ठेवलेल्या अशा नमुन्यातील प्रमाण फारसे बदलत नाही.

येथे कोणी म्हणेल की बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातही हा वायू थोडाफार असतोच, मग अर्थ कसा लावावा? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यात नसून रुग्णाच्या हकिगतीत आहे. घरात आणखी कोणाचे डोके दुखते काय, मोकळ्या हवेत बरे वाटले काय, चक्कर आली तेव्हा जवळ काय जळत होते, हे तीन प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

सारांश, सूनर यांच्या पाहणीने संशय घेण्याची शिकवण दिली हेच तिचे खरे फलित होय. केवळ उपकरण आणून ती शिकवण आचरली असे मानल्यास, चुकलेला रुग्ण बरा म्हणून त्याच शेगडीपाशी परत पाठविला जाईल.