‘वापर’ या शब्दाचा अर्थ : संपर्कसाधनांच्या संशोधनाविषयी

एखाद्या अंकाच्या किती प्रती खपल्या यावरून तो किती जणांनी वाचला आणि वाचून त्यांच्या मनात काय घडले, याचा निवाडा कोणताही जबाबदार समीक्षक करणार नाही. एक प्रत चार घरांत फिरते. दुसरी टपालाच्या वेष्टनातून बाहेरही निघत नाही. ग्रंथव्यवहारात आपण पाळतो तो हा साधा विवेक इंटरनेट आणि मोबाइल यांच्या वापराविषयीच्या संशोधनात मात्र पुष्कळदा सुटलेला दिसतो. किती हातांत फोन आले हे मोजून झाले, की वापर मोजला असे धरले जाते. या संशोधनाची भाषा साहित्यविषयक नियतकालिकानेही तपासावयास हवी, असे आम्हांस वाटते. कारण ‘वापर’ या एका शब्दाच्या अर्थावर आज सामान्य माणसांचे हक्क अवलंबून राहू लागले आहेत.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे होय. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक-केंद्रे उघडण्यात आली. पीकपाण्याची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, मुलांचे शिक्षण, हे सारे त्या पडद्यावरून शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल, असा तो संकल्प होता. प्रत्यक्षात केंद्राची पायरी चढणाऱ्या शेतकऱ्याचे प्रश्न मोजकेच होते : माझ्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, खात्यावर काय दिसते?

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन-शाखेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला व २००७ साली आपला शोधनिबंध मांडला. संगणक मुख्यतः कारखान्याच्या हिशेबापुरता वापरला जातो, हे ध्यानात घेऊन त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि त्यावरील लघुसंदेश एवढ्यावर तीच कामे करून पाहिली. ती कमी खर्चात झाली आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीची व पसंतीची वाटली. या अभ्यासाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. लोकांनी साधनाचा उपयोग कसा करावयास हवा होता, हे सांगत न बसता ते कसा करीत आहेत हे आधी पाहणे, ही या क्षेत्रातील दुर्मीळ नम्रता त्यात आहे.

तथापि, येथेच आमचा पहिला आक्षेपही उभा राहतो. जुन्या यंत्रणेची कामे नव्या साधनाने स्वस्तात पार पडली, हे या प्रयोगाचे यश. पण ती यंत्रणा मुळात कोणाची होती? ऊस ज्याच्या नावावर नोंदला गेला, त्याची. त्याच उसाच्या फडात कोयता चालविणारा मजूर तिच्यात कोठेच नाही. त्याची उचल, त्याची मजुरी, त्याने तोडलेल्या उसाचे टनेज हे त्याला कोणत्या संदेशावरून कळावे? साधन बदलले तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार पूर्वी ज्याच्या हाती होता, त्याच्याच हाती राहिला. खर्च आणि सोय या दोन मापांत ही गोष्ट मावत नाही.

किनाऱ्यावरचे दुसरे उदाहरण आपल्या अर्नाळा-नायगावच्या कोळी बांधवांना जवळचे वाटेल. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली केरळच्या मच्छीमारांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल आला. समुद्रातूनच भाव विचारून कोणत्या बंदरास होडी लावावी हे मच्छीमार ठरवू लागले, मासळी फुकट जाणे थांबले, त्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली, असा त्यांचा निष्कर्ष. हा निबंध जगभर दाखल्यादाखल सांगितला गेला. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी त्याच किनाऱ्यावर पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा चित्र इतके सरळ राहिले नाही. भाव विचारून बंदर बदलणे सर्वच प्रकारच्या मच्छीमारांना लागू पडत नव्हते. आमच्या मते धडा असा : भाव कळणे ही एक गोष्ट, त्या भावाने विकण्याची मोकळीक असणे ही दुसरी. ज्याचे जाळे व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशांतून आले, त्याला दुसऱ्या बंदराचा भाव कळूनही काय उपयोग?

आता पाहण्यांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ या वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. हे अंतर गंभीर आहे व ते उघड झाले हे योग्यच झाले. परंतु ‘कधी तरी वापरले’ या शब्दांत रोज दहा तास वापरणारा आणि एकदाच वापरणारी हे दोघे एकाच रकान्यात बसतात. शिवाय ‘इंटरनेट’ हा शब्द उत्तर देणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ जागवितो, हाही प्रश्न आहे. इंडोनेशियात २०१२ सुमारास लिर्नएशिया या संस्थेच्या अभ्यासकांना आढळले, की इंटरनेट वापरीत नाही म्हणणारी माणसे फेसबुकविषयी मात्र उत्साहाने बोलत होती. नातवाला सामवेदी बोलीत आवाजी निरोप धाडणारी आपल्याकडील आजी याच प्रश्नास ‘नाही बाबा’ असेच उत्तर देईल. उलट, त्याच पाहणीतील दुसरा प्रश्न अधिक जाणता आहे : स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे काय? त्यास ५४ टक्के स्त्रियांनी होकार दिला. घरात फोन असणे आणि तो तिचा असणे यांतील भेद या प्रश्नाने ओळखला.

हे सारे फुलपाड्यास लावून पाहावे. विरार पूर्वेची ही वस्ती. पापडखिंडीचे धरण जवळ, इमारती आणि चाळी एकमेकींस लागून, आणि नावात अजून ‘पाडा’. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. तेव्हा कोष्टकात फुलपाडा म्हणजे ‘शहर’. पण पहाटेची लोकल गाठणारा मुलगा, घरकाम करणारी त्याची आई आणि गावाकडून आलेले आजोबा यांचे शहर एकच आहे काय? एका फोनवर तिघांची कामे चालत असतील, तर त्यातील वापरकर्ता कोण?

हा शब्दच्छल नव्हे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने लाभार्थी स्त्रियांची ओळखपडताळणी संगणकीय पद्धतीने सक्तीची केली. त्यात तिच्या आधार क्रमांकाबरोबर पती वा पित्याच्या आधार क्रमांकावरही येणारा सांकेतिक अंक मागितला गेला. पती वारलेला, वडील वारलेले, किंवा नवरा सोडून गेलेला आणि फोन त्याच्याच खिशात, अशा स्त्रीपुढे त्या चौकटीत काय भरावे हा प्रश्न उभा राहिला. कोष्टकात ती वापरकर्ती असेल, तिच्या हाती स्वतःचा फोनही असेल. तरी तिच्या हक्काचा दरवाजा तेव्हा दुसऱ्याच्या फोनवरील अंकाने उघडत होता. जोडण्यांची संख्या पाहून धोरण आखणाऱ्यास ही स्त्री दिसत नाही.

म्हणून फुलपाड्यात उद्या कोणी अभ्यासक प्रश्नावली घेऊन आला, तर त्याने फोन किती, हे जरूर विचारावे. पण तेथे थांबू नये. फोन कोणाच्या नावे आहे, कोणाच्या हाती असतो, आणि न वाचता येणाऱ्यासाठी तो कोण वाचतो, हेही विचारावे. वारणेच्या शेतकऱ्याने यंत्राकडे ज्ञान मागितले नाही, आपला हिशेब मागितला. फुलपाड्याची स्त्रीही तोच मागेल. तो तिला स्वतःच्या हाताने पाहता येतो की नाही, यावरून वापर ठरावा, अशी आमची धारणा आहे.