अश्वचिकित्सेंतील ‘सङ्ग’ : एक अर्थविचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. श्यामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून घोड्यांचीं मापें व चंदीचें प्रमाण यांसाठीं अभ्यासक या प्रकरणाकडे वळतात. त्यांतील चिकित्साविषयक वाक्येंही तितकींच विचारार्ह आहेत, असें आम्हांस वाटतें.

व्यालेल्या घोडीस तीन रात्री प्रस्थभर तूप पाजावें, पुढें दहा रात्री प्रस्थभर सक्तु व स्नेहयुक्त औषधी पेय द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. मान नेमकें आहे, कालही नेमका आहे. परंतु घोडीनें तोंड फिरविलें तर काय करावें, याविषयीं तेथें अक्षर नाहीं.

पुढें त्याच प्रकरणांत दंड येतो. क्रिया व भैषज्य यांच्या ‘सङ्गा’मुळें रोग वाढल्यास उपचारखर्चाच्या दुप्पट दंड, अपराधामुळें परिणाम उलट झाल्यास जनावराचें मोल. श्यामशास्त्री यांनीं १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत येथें औषधांतील दोष व उपचारांतील हयगय असा अर्थ घेतला आहे. तो आशयास सोडून नाहीं, पण शब्दास सोडून आहे. ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणें, अडकून राहणें. चरकाच्या विमानस्थानांत स्रोतसांच्या दुष्टीचे प्रकार दिले आहेत, तेथेंही ‘सङ्ग’ म्हणजे अवरोधच. तेव्हां भैषज्याचा सङ्ग म्हणजे औषध वाईट असणें नव्हे, तर औषध अडणें. मग तें कोठारांत अडो कीं घोड्याच्या मुखांत.

‘घोडा औषध घेईना’ ही सबब वैद्यास कां चालूं नये, हें पागेंत उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. घोडा तोंडानें श्वास घेऊं शकत नाहीं व त्यास वांतीही होत नाहीं. मान उंच ताणून बळेंच ओतलेलें औषध श्वासनलिकेंत उतरतें, फुप्फुसांस दाह होतो व जनावर दगावतें. जाणता मनुष्य पुढचे दांत व दाढा यांमधील मोकळ्या जागेंतून नळकांडें घालतो, डोकें बेताचेंच उचलतो, थोडें थोडें पाजतो, घोट गिळल्याची खात्री करतो आणि खोकला येतांच मान खालीं सोडतो. घोडा निरोगी असतांनाच त्या नळकांड्यानें गुळाचें पाणी पाजण्याचा परिपाठ ठेवला, तर आजारांत झटापट करावी लागत नाहीं.

असें पाहिल्यास दोन दंडांतील अंतर सार्थ वाटतें : औषध पोटांत न गेल्यास रोग वाढतो, भलत्या वाटेनें गेल्यास घोडा जातो. कौटिल्यास हेंच अभिप्रेत होतें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु शब्द व व्यवहार दोन्ही या अर्थाच्या आड येत नाहींत.

संग्राहकांस एक विनंती. शालिहोत्राची पोथी हातीं आली म्हणजे श्लोक मोजूनच थांबूं नये. पाजण्याची हातोटी श्लोकांत क्वचितच उतरते. उतरली असेल तर ती समासांतील टिपणांत व तेलकट सुट्या पानांवर सांपडण्याचा संभव अधिक. तीं पानें पोथीपासून वेगळीं करूं नयेत.