निर्गुडीचा कडवट दरवळ

काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघालं की उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर लागतात. निर्गुडी शोधायची ती तिथल्या ओढ्यांच्या काठी. विस्कटलेलं, डोक्याहून जरा उंच झुडूप. लांबून नजरेत भरावं असं त्यात काही नाही.

जवळ गेलं की पान बोलू लागतं. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, वरून हिरव्या, खालून राखाडी-पांढऱ्या लवेच्या. वारा सुटला की सगळं झुडूप क्षणात रंग पालटतं. निळसर-जांभळ्या तुऱ्यांतलं फूल इवलंसं, पण त्याची खालची मधली पाकळी मोठी, मधमाशीला टेकायला जणू ओटाच!

खरी भेट मात्र पान चुरगाळल्यावर होते. आधी कापराकडे झुकणारा उग्र भपका, मग मिरीची झाक, शेवटी बोटांना चिकटून राहणारा कडवटपणा. मिरीचा भास उगाच होत नाही. मिरी-लवंगेतलं कॅरियोफिलीन या पानांच्या तेलातही असतं.

गुरं सहसा या पाल्याला तोंड लावत नाहीत, किडेही बिचकतात. म्हणून शेतकऱ्यानं निर्गुडी कुंपणाला लावली, सुका पाला धान्यात घातला, तिन्हीसांजेला डासांसाठी त्याची धुरी केली. झुडपाचं संरक्षण माणसानं असं उसनं घेतलं.

घरगुती औषधात हाच वास रूपं बदलतो. सर्दीच्या वाफाऱ्यात त्याचा हलका, तीक्ष्ण भाग आधी नाकात शिरतो. बाळंतिणीच्या न्हाणाच्या पाण्यात तो सौम्य होतो, सुजेवर बांधलेल्या गरम पाल्यात मातकट. तेलात तर त्याचा कस लागतो. पाल्याचा रस आणि कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, तिळाच्या तेलात मंद आचेवर आटवतात. कल्काची वात वळता आली आणि ती विस्तवावर तडतडली नाही, म्हणजे पाणी उडालं, तेल सिद्ध झालं. वरचा भपका आता ओसरलेला असतो. उरतो जड, हिरवट वास. ज्या घरात रोज रात्री कुणाचे तरी गुडघे चोळले जातात, तिथे तो सांगावा लागत नाही.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात निर्गुडीला स्वतंत्र प्रकरण दिलं. सुगंधी मसाल्यांच्या मागे धावणाऱ्या त्या काळात एका कुंपणाच्या झुडपाला मिळालेला हा मान मोठाच.

सुगंध गोडच असावा, ही सवय आपल्याला अत्तरानं लावली. निर्गुडीची गोडी लागायची तर ती सवय आधी मोडावी लागते.