लाखात तीन? ल्युपसच्या एका आकड्याची उलटतपासणी

भारतातल्या ल्युपसवरचे निबंध चाळलेत तर सुरुवातीला एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: लाखामागे ३.२ रुग्ण. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यातही होता. मग मूळ निबंध काढून वाचला. मालवीय आणि सहकाऱ्यांचा, १९९३चा. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या ९१,८८८ लोकांची साध्या प्रश्नावलीने चाळणी केली, संशयितांना डॉक्टरांनी तपासलं. रुग्ण सापडले ३. आणखी तीन निसटले असतील, तर आकडा थेट दुप्पट होतो.

निसटतील का? आजार कसा वागतो ते बघा. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही, अँटिबॉडी बनवते. मग कुणाच्या गालांवर उन्हाने चट्टे उठतात, कुणाचे सांधे सुजतात, कुणाच्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी होतं, कुणाच्या प्लेटलेट घटतात. किडनीच्या गाळण्यांत या अँटिबॉडी अडकल्या की लघवीतून प्रथिनं जायला लागतात. आणि हे दुखत मात्र नाही.

आता समजा, तुम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात एका तरुण मुलीला दारात विचारलंत, "काही त्रास होतो का गं?" सांधे धरले असतील तर ती सांगेल. नुसती किडनी धरली असेल तर म्हणेल, "काही नाही, लोकलच्या गर्दीने थकायला होतं." पाय सुजल्यावर ती परळच्या केईएमला जाईल, तोवर किडनीचं बरंच नुकसान झालेलं असू शकतं.

आपल्याकडे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यात भिगवणला सुरू केलेलं सर्वेक्षणही दुखण्याच्या प्रश्नापासूनच सुरू होतं. संधिवात मोजायला ते योग्यच, आणि त्या कामाचं मोल मोठं आहे. पण ल्युपससाठी ते दार अरुंद पडतं. २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए चाचणी सकारात्मक असल्यावर १० गुण लागतात. सांध्यांना ६ मिळतात. बायोप्सीत दिसलेल्या किडनीच्या गंभीर प्रकारांना एकट्याने १०. ज्या अवयवाला सर्वाधिक वजन, तोच प्रश्नावलीला उत्तर देत नाही!

माझी तक्रार मालवीयांशी नाही. त्यांनी मोजलं तरी. तक्रार आपल्याशी आहे, आकडा उचलून पुढे जाणाऱ्यांशी. ३.२ लिहा, पण शेजारी "३ रुग्णांवरून" हेही लिहा. आणि पुढच्या सर्वेक्षणाला निघताना प्रश्नावलीसोबत लघवी तपासायची पट्टीही पिशवीत टाका.